माझगावच्या डोंगरावरची बाग: बसतो ते गवत की टाकीचं झाकण?

डॉकयार्डकर (धागाकर्ता), रविवार, सकाळी १०:१२

मुंबईतली डोंगरावरची बाग म्हटलं की निम्मे लोक हँगिंग गार्डन म्हणतात आणि उरलेले म्हातारीचा बूट. तिसरं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणून हा धागा.

हार्बर लाईनवर सँडहर्स्ट रोड आणि रे रोडच्या मधे डॉकयार्ड रोड स्टेशन आहे. बाहेर पडलं की लागूनच भंडारवाड्याची टेकडी. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. आम्ही लहानपणी नुसतं 'डोंगरावर जाऊन येतो' म्हणायचो. पाटीवरचं नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा कॉलेजात होतो.

वडील गोदीत प्लेटर होते, म्हणजे जहाजाचे लोखंडी पत्रे बसवणारे. हातोड्यांच्या आवाजात तीस वर्षं काढल्यामुळे दोन्ही कान कामातून गेलेले. घरात सगळेच त्यांच्याशी ओरडून बोलायचे, चाळीत वाटायचं आमच्याकडे रोज भांडण आहे. रविवारी संध्याकाळी मात्र ते मला घेऊन डोंगरावर यायचे आणि पूर्वेच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. खाली गोदीतल्या क्रेन, पलीकडे बंदर, त्यात नांगरलेल्या बोटी. बोट अर्धवट बांधलेली असली तरी ती कसली होणार हे ते पुढच्या बाजूच्या वळणावरून सांगायचे. तिथे ओरडायची गरज नसायची, बोट दाखवलं की काम व्हायचं.

परवा बऱ्याच वर्षांनी गेलो. बाकावर कॉलेजची मुलं बसली होती. त्यांतल्या एकाला विचारलं, 'या बागेच्या खाली काय आहे माहितेय?' म्हणाला, 'रेल्वेचा बोगदा?'

खाली पाण्याची टाकी आहे. १८८४ सालची. दक्षिण मुंबईतल्या कित्येक घरांत सकाळी नळाला येणारं पाणी आधी आपल्या बुडाखालून गेलेलं असतं आणि एक साधा फलक ते सांगत नाही, हे मला खटकतं. टेकडीबद्दल, टाकीबद्दल, बाप्टिस्टांबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर लिहा. फोटो नंतर टाकतो.

---

खवचट_खान, १०:३१

म्हणजे इतकी वर्षं लोक टाकीवर बसून भेळ खात होते आणि टाकी साफ केली नाही म्हणून पालिकेला शिव्या घालत होते?

---

आमची_डोंगरी, १०:५८

आठवणी छान आहेत, पण मी रोज दोन मुलांना घेऊन तिथे जाते, म्हणून थोडं खरं लिहिते. आमच्याकडे खोलीत चेंडू टाकायला जागा नाही. बी वॉर्डात आणि आसपास मोकळी जागा किती आहे ते नकाशा उघडून बघा. ही बाग आमच्यासाठी 'हेरिटेज' वगैरे नाही. इथे मूल पळालं तर गाडीखाली येणार नाही, एवढाच हिशेब. दुपारी फाटक बंद. मुलं शाळेतून सुटतात तेव्हाही बंदच. बायकांनी शौचालयाला कुठे जायचं, हे विचारू नका. फलक लावा, जरूर लावा, पण आधी दुपारचं कुलूप काढा.

---

टाकीवाला, दुपारी १२:४०

जलखात्यात ३४ वर्षं काढून निवृत्त झालो. धागा बघून राहवलं नाही. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, टाकी डोंगरावर का? मुंबईचं पाणी शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं आणि बरंचसं आपल्या उताराने येतं. तलावातली पातळी शहरापेक्षा उंच, म्हणून पाणी नळातून ढकलावं लागत नाही, ते स्वतःच धावतं. पण ते दिवसभर एका चालीने येतं आणि लोकांना मात्र पहाटे पाच ते आठ एकदम हवं असतं. म्हणून रात्री साठवायचं आणि सकाळी सोडायचं. साठवायची जागा उंचावर असेल तर सोडतानाही पंप लागत नाही. बेटावर उंच जागा किती? मलबार हिल आणि भंडारवाडा. दोन्हीकडे टाक्या झाल्या, त्यात नवल नाही.

विहार तलाव १८६० चा. मुंबईला नळाचं पाणी त्यातून पहिल्यांदा मिळालं. त्याआधी विहिरी आणि तलाव. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावं तेव्हाची, आज तिथे पाण्याचा थेंब नाही. मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. पालिका तलावांच्या पातळ्या रोज जाहीर करते. विहार भरून वाहतो ८०.१२ मीटरला, तुळशी १३९.१७ ला. या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या नव्हेत, टाऊन हॉल डेटमपासूनच्या आहेत, म्हणजे मुंबईत उंची मोजायला धरलेल्या ठरावीक शून्यापासूनच्या. नवीन पत्रकार इथे हमखास घसरतात. पण दोन आकड्यांतला फरक बघा. तुळशी जवळपास साठ मीटर उंच. पाणी मलबार हिलसारख्या उंच जागी चढवायचं तर हा फरक कामाला येतो.

दुसरी गोष्ट, वर बाग का? टाकीला छप्पर लागतंच. ऊन लागलं की शेवाळ धरतं. धूळ, पक्षी, डास हे वेगळेच. एकदा सपाट छप्पर केलं, त्यावर मातीचा थर टाकला की आतलं पाणी गार राहतं आणि आयती मोकळी जागा मिळते. पण मातीचा थर बेताचाच असतो, म्हणून छपरावर मोठी झाडं लावत नाहीत. मुळं स्लॅबमध्ये शिरली तर गळती शोधता शोधता जीव जातो. अशा बागेत हिरवळ आणि झुडपं असतात, वड-पिंपळ कडेला. मलबार हिलच्या टाकीवरच्या हँगिंग गार्डनमधले कातरलेले हत्ती-जिराफ सगळ्यांना आठवतात. ती झुडपंच, झाडं नव्हेत.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मलबार हिलच्या टाकीत १४.७ कोटी लिटर पाणी मावतं. लिटरला किलो धरा. तिथे खेळणाऱ्या पोरांच्या पायांखाली जवळपास दीड लाख टन पाणी उभं असतं आणि ते रोज चढतं-उतरतं.

---

हार्बर_८_१४, १२:५५

__/\__ काका. वाचनखूण साठवली.

---

बाणगंगावासी, दुपारी १:२०

टाकीवाले काका, आम्ही लहानपणापासून ऐकलंय की हँगिंग गार्डन बांधलं ते शेजारच्या डुंगरवाडीमुळे. पारशांच्या दखम्यावरची (जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात) गिधाडं पाण्यात काहीबाही टाकतील म्हणून टाकी झाकली. गाईड तर अजून हेच सांगतात.

---

टाकीवाला, १:३८

गाईडला बक्षिशी मिळते, त्याचं बरोबर आहे. :)

तुम्हीच सांगा, माझगावच्या टेकडीजवळ कुठे दखमा आहे? तिथल्या टाकीवरही बागच आहे ना? दखमा शेजारी नसताना जी गोष्ट केली, ती दखमा शेजारी असताना दखम्यामुळेच केली असं कसं म्हणायचं? भीती कुणाच्या मनात असेलही, ते मी नाकारत नाही. पण पिण्याच्या पाण्याची टाकी झाकायला गिधाड लागत नाही, डास पुरतो.

आणि आता तर गिधाडंही नाहीत. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकने ती संपली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता.

---

मोडीवाचक, ३:०५

टाकीच्या आधी या टेकडीवर काय होतं ते कुणी लिहिलं नाही. किल्ला होता. शीव, शिवडी, वरळी, माहीम यांचे किल्ले उभे आहेत म्हणून ते लोकांना माहीत आहेत. माझगावचा गेला तो मुळासकट गेला.

थोडक्यात सांगतो. १६८० च्या सुमारास इंग्रजांनी इथे किल्ला बांधला. पुढे कंपनीच्या जॉन चाइल्डने मोगलांशी भांडण उकरून काढलं, मोगली जहाजं पकडली. औरंगजेबाच्या वतीने जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान १६८९ मध्ये शिवडीला उतरला. माझगाव तर लढाईशिवायच हातात आलं म्हणायचं. किल्ल्यावर निशाण लावून त्याने तिथेच मुक्काम ठोकला आणि वर्षभर इंग्रज कोटात कोंडून पडले. शेवटी कंपनीचे वकील बादशहाकडे हात जोडून गेले, दीड लाख रुपये दंड कबूल केला, तेव्हा जून १६९० मध्ये सिद्दी निघाला. जाताना किल्ला आणि माझगाव उद्ध्वस्त करून गेला.

ज्या कठड्याला टेकून धागाकर्त्यांचे वडील बोटी बघत, साधारण तिथूनच सिद्दीचे लोकही बंदर बघत असणार. डोंगर तोच आणि पाण्यावर नजर ठेवायची गरजही तीच. पुढे त्याच डोंगराने पाणी पोटात ठेवलं.

नावाबद्दलही सांगतो. भंडारवाडा या शब्दात भंडारी आहेत. माडी काढणारे, पुढे कंपनीच्या शिबंदीतही असलेले. कोळी-भंडाऱ्यांचं माझगाव आधी, पोर्तुगीज आणि इंग्रज नंतर.

---

पर्वती_रोज_चढतो, ३:२२

आमच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वर आहे आणि १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने तिथूनच पाहिली. खाली जलकेंद्रही आहे. पुण्यात हे सगळं एकाच टेकडीवर मिळतं, मुंबईकरांना दोन टेकड्या लागतात. असो.

---

खवचट_खान, ३:२५

आलेच. मी घड्याळ लावूनच बसलो होतो.

---

मोडीवाचक, ३:४०

पर्वतीचं नाव काढलंच आहे तर १९२९ चा, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठीचा पर्वती सत्याग्रहही लिहा. १०३ पायऱ्या सगळ्यांना चढता याव्यात म्हणून लोकांनी मार खाल्ला होता. तो भाग बाजीरावाच्या दुर्बिणीमागे नेहमी लपतो.

---

पर्वती_रोज_चढतो, ३:४४

मान्य. बोललो ते बरोबर होतं, सोडलं ते चुकलं.

---

पाखाडीची_लेक, संध्याकाळी ६:१०

मी माथारपाखाडीची, म्हणजे माझगावातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती. आता वसईला असते. बाप्टिस्टा आमच्या पाखाडीतले म्हणून लिहिते.

काका बाप्टिस्टा १८६४ चे. 'काका' हे सगळे म्हणत, आमचेच लोक नव्हेत. पुण्याला इंजिनिअरिंग शिकले, वनखात्यात नोकरी केली, मग केंब्रिजला जाऊन आले आणि वकिली केली. टिळकांचे जवळचे. १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावात निघाली तिचे अध्यक्ष बाप्टिस्टा होते. गिरणी कामगार, पोस्टमन यांच्या संघटनांतही ते होते. १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' हे शब्द मूळ त्यांनी सुचवले असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. भांडू नका, आमच्याकडे सांगतात एवढंच म्हणतेय.

पाखाडीत अजून लाकडी जिने बाहेरून असलेली घरं आहेत, चौकात क्रूस आहे. थोरली माणसं सांगायची की पावसाआधी डोंगरावर जाऊन बंदराकडचे ढग बघायचे आणि मग बोंबील वाळत घालायचे की नाही ते ठरवायचं. माझ्या आजीने हवामान खात्याला कधीच मानलं नाही.

बागेत त्यांच्याबद्दल चार ओळी धड मराठीत आणि आमच्या बोलीत असाव्यात, असं मला वाटतं. नाव आहे, पण कोण ते कुणाला माहीत नाही.

---

हार्बर_८_१४, ६:३३

योगायोग बघा. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली ती याच हार्बर मार्गाने, म्हणजे याच टेकडीच्या कुशीतून. आणि त्याच वर्षी बाप्टिस्टा महापौर. मी बावीस वर्षं ८:१४ ने जातोय, डॉकयार्डला डोकं वर करून टेकडीकडे एकदाही पाहिलं नाही. गर्दीत डोकं वर होत नाही, हेही खरं.

---

टोरांटोचा_गिरगावकर, सोमवार, पहाटे ४:०२

इकडे संध्याकाळ आहे. मी गिरगावचा, मलबार हिलच्या टाकीचं पाणी पिऊन वाढलो. पहाटे साडेचारला नळाचा फुसफुस आवाज यायचा, आधी हवा, मग गढूळ चूळ, मग पाणी. आई तो फुसफुस झोपेतही ओळखायची. इथे चोवीस तास पाणी आहे, पण अजूनही पहाटे नळ ऐकू येतो की काय वाटतं.

२०२३ मध्ये ती टाकी पाडून नवी बांधायची म्हणून झाडं कापणार, बाग काही वर्षं बंद राहणार असं वाचलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

---

बाणगंगावासी, सकाळी ९:१५

मी त्या भांडणात होतो, सांगतो. १८८७ ची टाकी जीर्ण झाली म्हणून पुनर्बांधणीची ६९८ कोटींची योजना आली. ३८९ झाडांना झळ बसणार होती, काही कापायची, काही हलवायची. लोक उठले. सभा, सह्या, सगळं झालं. मग आयआयटीचे प्राध्यापक आणि बाहेरचे तज्ज्ञ यांची समिती नेमली. डिसेंबर २०२३ मध्ये टाकीचे कप्पे आळीपाळीने रिकामे करून ते स्वतः आत उतरले. समितीतल्या सगळ्यांचं एकमत झालं नाही, पण आत उतरलेल्यांपैकी कित्येकांनी सांगितलं की पाडायची गरज नाही, दुरुस्तीने भागेल.

मी तोवर चाळीस वर्षं त्या हिरवळीवर चाललो होतो. खाली खांबांचं जंगल आहे हे फोटो बघून कळलं. टाकी वाचवायला निघालेल्या आमच्यातल्या निम्म्या लोकांनी टाकी पहिल्यांदा तेव्हाच पाहिली.

---

टाकीवाला, ११:००

टाकी रिकामी करणं म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही, म्हणून सांगतो. एक कप्पा बंद केला की त्याच्या वाटणीचं पाणी दुसऱ्याने ओढायचं. कुलाब्यापासून ग्रँट रोडपर्यंत दाब पडतो. चावीवाले रात्रभर रस्त्यावर. लांब टी आकाराची चावी खांद्यावर, झाकण उचलायचं, मोजून आटे फिरवायचे. ही गल्ली किती आट्यांना उघडते ते त्यांच्या हाताला ठाऊक असतं, कागदावर नसतं. चुकून दोन आटे जास्त फिरले की खालच्या गल्लीत पूर आणि वरच्या माळ्यावर ठणठणाट. सकाळी शिव्या मात्र ऑफिसात बसलेल्या आम्हाला.

आत मी दोनदा उतरलो आहे. गार. बॅटरीचा उजेड पाण्यावर पडला की छतावर हलतो. बोललेलं खांबांवर आपटून तीनदा परत येतं, म्हणून आत कुणी फारसं बोलत नाही. वर मुलं खेळत असतात, त्यांचा काहीही आवाज येत नाही.

---

डॉकयार्डकर, ११:४५

काका, हे वाचून अंगावर काटा आला. वडिलांना ती जागा आवडली असती.

---

नवीन_सदस्य_०७, दुपारी २:१०

मग माझगावच्या बागेचाही विकास का करू नये? मलबार हिलला मार्च २०२५ मध्ये झाडांतून जाणारा लाकडी मार्ग सुरू झाला, ४८५ मीटरचा. २५ रुपये तिकीट, आगाऊ नोंदणी, लोक गर्दी करतात. इथेही काचेचा सज्जा, रोषणाई, कॅफे केला तर बंदराचा नजारा विकता येईल.

---

आमची_डोंगरी, २:२६

विकता येईल, अगदी बरोबर. आम्ही घ्यायचा कशाने?

२५ रुपये तुम्हाला कमी वाटतात. दोन मुलं, मी आणि सासूबाई, रोजचे शंभर. मलबार हिलचा मार्ग वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही मुलांना एकदा दाखवून आणला, आवडला. पण तो एकदा बघायचा. ही बाग रोज जायची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो.

---

डॉकयार्डकर, ३:००

डोंगरीताईंना अनुमोदन. मी मूळ धाग्यात फक्त फलक मागितला होता, कारण माझी भूक आठवणींची आहे. ताईंचा प्रतिसाद वाचून थोडी लाज वाटली. फलकासाठी पालिकेला अर्ज द्यायचा आहे, त्यात क्रम बदलतो: १) दुपारी फाटक उघडं, २) शौचालय, ३) फलक. कॅफे नाही. शिवाय सरळ शेजारी गोदी आहे, तिथे लढाऊ जहाजं आणि पाणबुड्या बांधतात. दुर्बिणी लावून नजारा विकायला कुणी परवानगी देईल असं वाटत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी कट्टा करूया का? स्टेशनबाहेर भेटू.

---

हार्बर_८_१४, ३:०४

मी येतो. सुट्टीच्या दिवशी हार्बरने, घरचे विचारतील बरं आहे ना म्हणून.

---

पाखाडीची_लेक, ३:४०

येते. फुगियास (आमचे तळलेले गोल पाव) आणते. चहा तुमचा.

---

डॉकयार्डकर, पुढचा रविवार, रात्री ९:५०

वृत्तांत. आठजण जमलो. मेगाब्लॉकमुळे दोघं अडकले, ते टॅक्सीने आले आणि आल्या आल्या रेल्वेवर दहा मिनिटं बोलले. टाकीवाले काकांनी हिरवळीतली लोखंडी झाकणं आणि हवेचे पाईप दाखवले. इतकी वर्षं मी त्या पाईपांना बसायचे ठोकळे समजत होतो. डोंगरीताईंच्या धाकट्याने त्यातल्या एकाला कान लावला आणि 'काहीच नाही' असं जाहीर करून घसरगुंडीकडे पळाला. फुगियास पाच मिनिटांत संपले. मोडीवाचकांनी सिद्दी नेमका कुठून चढला असेल यावर फाटकाशी वीस मिनिटं घेतली, तेवढ्यात रखवालदार बंद करायला आला. त्याला विचारलं, खाली काय आहे माहीत आहे का? म्हणाला, 'साहेब, माहीत नसायला काय झालं? आमच्याच खोलीत पाणी येत नाही.'

अर्जावर सहा सह्या झाल्या. उरलेल्यांनी व्यक्तिगत निरोपाने कळवा.

---

टाकीवाला, १०:२२

एक दुरुस्ती. कट्ट्यावर बोलण्याच्या भरात मी विहारची साठवण ८०४ कोटी लिटर सांगितली. ती तुळशीची. विहार २७६९ कोटी. हार्बर साहेब, तुम्ही वहीत लिहून घेत होतात, तेवढं खोडा.